उपग्रहाला ढग दिसतो, कणही दिसतात. मग दोघांची गाठ का दिसत नाही?

निरभ्र (धागाकर्ता)

दर पावसाळ्यात एक नकाशा फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. गंगेच्या खोऱ्यावर गडद लाल, खाली पिवळा, आणि वर मथळा: "प्रदूषणाने पाऊस पळवला". परवा इथल्याच एका धाग्यावर तो पुन्हा आला आणि पाऊस खरंच पळाला की नाही यावर नेहमीची जुंपली. त्या नकाशावर जागोजागी पांढरे डाग होते. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी पोटापाण्यासाठी उपग्रहांचाच डेटा चाळतो, त्यामुळे माझी नजर आधी त्या डागांवर जाते. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

ते पांढरे डाग म्हणजे ढग. धूळ, धूर, सल्फेट, समुद्री मीठ अशा हवेतल्या कणांना मिळून एरोसोल म्हणतात. ते मोजणारी पद्धत ढग दिसला की ती जागा सोडूनच देते, कारण ढगाच्या झगझगाटापुढे कणांचा उजेड काहीच नाही. थेंब मोजणारी पद्धत नेमकं उलट करते, तिला फक्त ढगाळ जागा लागतात. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवर मोडिस नावाचं उपकरण आहे. त्याने एकाच क्षणी टिपलेल्या चित्रातसुद्धा कण एका चौकटीतले असतात आणि थेंब शेजारच्या चौकटीतले. आपल्याला जाणून घ्यायचंय ते असं, की कण ढगात शिरले की ढगाचं काय होतं!

यामागचं भौतिकशास्त्र तसं सोपं आहे. वाफेला बसायला कण लागतो, त्याशिवाय ढगाचा थेंब बनत नाही. स्वच्छ समुद्रावरच्या ढगात घन सेंटिमीटरला शंभराच्या आतबाहेर थेंब असतात, धुरकट हवेत काही शे, कधी हजारावर. पाणी तेवढंच आणि वाटेकरी जास्त, म्हणून थेंब बारीक. संख्या आठपट झाली तर प्रत्येकाची त्रिज्या निम्मी होते आणि सगळ्यांचं मिळून पृष्ठफळ दुप्पट. ढग जास्त पांढरा होतो, जास्त ऊन परत पाठवतो. हे शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात मांडलं. १९८९ मध्ये ब्रूस आल्ब्रेक्ट यांनी पुढची पायरी सांगितली: बारीक थेंब एकमेकांत मिसळून मोठे व्हायला वेळ लागतो, म्हणून पाऊस लांबतो आणि ढग जास्त टिकतो. पावसाच्या एक मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबात ढगातले दहा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दहा लाख थेंब मावतात, त्यामुळे हा उशीर किरकोळ नसतो. पहिली गोष्ट आता बहुतेकांना मान्य आहे. दुसरीवर अजून हाणामारी चालू आहे.

आता, सुमारे ७०० किलोमीटर वरून दहा मायक्रॉनचा थेंब मोजतात कसा? दोन रंगांत बघून. ०.८६ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश पाणी जवळपास शोषत नाही, त्यामुळे त्या रंगातली चमक ढगाची जाडी सांगते. २.१ मायक्रॉनचा प्रकाश पाणी थोडा शोषतं. थेंब मोठा असेल तर शोषण जास्त, म्हणून ढग त्या रंगात काळसर दिसतो. दोन्ही चमकांची जोडी लावली की थेंबाचा आकार हाती येतो. पण हा आकार ढगाच्या माथ्याजवळचा असतो. कण शिरतात ते बहुतेक वेळा तळातून. थेंबांची संख्या तर मोजलेली नसतेच, ढग वर चढताना पाणी ठरावीक प्रमाणात वाढतं असं गृहीत धरून ती काढलेली असते. नकाशाखाली हे कोणी छापत नाही.

कडेची गंमत आणखी वेगळी. ढगापासून काही किलोमीटरच्या आत हवा दमट असते, तिथले कण पाणी पिऊन फुगतात आणि जास्त उजेड फेकतात. ढगाच्या कुशीवरून परतलेला प्रकाश शेजारच्या मोकळ्या हवेत सांडतो. शिवाय ढग म्हणावा की नाही अशा चिंध्या त्या पट्ट्यात तरंगत असतात. तिन्ही कारणांनी तिथे कण जास्त असल्याचा भास होतो. मग कोणी आलेख काढतो, "जिथे कण जास्त, तिथे ढग जास्त", आणि रेघ सुरेख वर जाते. बरीच वर्षं अशा रेघांवर निबंध निघाले. माझ्या मते त्यातल्या कित्येक रेघा कणांच्या नव्हत्या, दमटपणाच्या होत्या.

यावर उतारा म्हणून २८ एप्रिल २००६ ला एकाच रॉकेटवरून दोन उपग्रह सोडले. कॅलिप्सोवर लेझरचं लायडार होतं, क्लाउडसॅटवर ९४ गिगाहर्ट्झचं रडार. दोघं पाठोपाठ उडायचे. लायडारला कणांचे थर उंचीसकट दिसतात, धूळ की धूर हेही बऱ्यापैकी कळतं. जाड ढगात मात्र त्याची गत घाटात धुक्यात लावलेल्या हेडलाइटसारखी होते, समोर पांढरी भिंत. रडार ढगातून आरपार जातं, पण त्याला परत येणारा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे पावसाचे चार टपोरे थेंब सगळा आवाज खातात आणि कण तर त्याला दिसतच नाहीत. दोघांचंही काम २०२३ मध्ये थांबलं. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर उपग्रह गेला. त्यावर लायडार आणि रडार एकाच छताखाली आहेत आणि रडार डॉपलर असल्यामुळे ढगात थेंब वर चाललेत की खाली, हेसुद्धा कळतं.

तर तो नकाशा पुढच्या वर्षी परत आला की आधी पांढरे डाग मोजा.

अनघा_पी

मस्त धागा. वाचतेय.

शंकासुर

म्हणजे ढगाखालचं दिसत नाही, थेंब मोजलेले नाहीत, कडेला भास आहे. एवढे उपग्रह कशाला उडवले मग? आणि यावरून हवामानबदलाचे आकडे कसे काय काढतात?

निरभ्र

शंकासुर, तुमच्या आयडीला जागलात. :)

आकडे काढतात आणि त्यांची अनिश्चिततासुद्धा छापतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालात कार्बन डायऑक्साइडचा तापवणारा वाटा चौरस मीटरला सुमारे २.१६ वॉट आहे. कणांनी ढग बदलल्यामुळे होणारा थंडावा साधारण १ वॉट, पण तो ०.३ असू शकतो आणि १.७ सुद्धा. अख्ख्या हिशोबात एवढी ढिली दुसरी नोंद सापडणं कठीण. उपग्रह उडवतात ते ही नोंद आवळण्यासाठी.

आणि जिथे निसर्गाने किंवा माणसाने फक्त कण बदलले आणि बाकी हवामान तेच ठेवलं, अशी जागा मिळाली की उपग्रह फार उपयोगी पडतात. सगळ्यात जुनं उदाहरण जहाजांच्या रेषांचं. १९६० च्या दशकात टायरॉस उपग्रहांच्या चित्रांत समुद्रावरच्या ढगांत लांबच लांब उजळ रेघा दिसल्या. नंतर उलगडलं की त्या जहाजांच्या धुराड्यातून निघालेल्या धुराने बनलेल्या आहेत. रेघेच्या आत थेंब बारीक, दोन्ही बाजूंना मोठे. वारा तोच, दमटपणा तोच. यापेक्षा चांगला प्रयोग मुद्दाम करायला गेलात तरी जमणार नाही.

दर्यावर्दी

आता आमच्या गल्लीत आलात. मी चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, धुराड्याची बाजू मला माहीत आहे.

जहाजं जे हेवी फ्यूएल जाळायची ते रिफायनरीच्या तळाशी उरलेलं, गरम केल्याशिवाय पंपातून न सरकणारं. त्यात गंधक साडेतीन टक्क्यांपर्यंत चालायचं. १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा जगभर अर्ध्या टक्क्यावर आली. ज्यांनी स्क्रबर बसवले ते जुनंच तेल जाळतात आणि धूर पाण्याने धुतात. बाकीच्यांनी टाक्या साफ करून नवं तेल भरलं. २०१९ च्या शेवटच्या महिन्यांत इंजिनरूममध्ये जो काय गोंधळ होता तो विचारू नका, जुन्या टाकीतला गाळ नव्या तेलात सुटून फिल्टर भरत होते. हे सगळं बंदरांतल्या माणसांच्या फुप्फुसांसाठी होतं, ढगांचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रश्न असा: नियम आल्यावर या रेघा कमी झाल्या का?

निरभ्र

दर्यावर्दी, झाल्या आणि स्पष्ट झाल्या. २००३ पासूनची मोडिसची चित्रं संगणकाकडून तपासून घेतली, तेव्हा २०२० मध्ये रेघांची संख्या नीचांकी निघाली. त्या वर्षी कोविडमुळे वाहतूक थोडी मंदावली होती, पण घट त्यापेक्षा खूप मोठी आहे. त्याआधी २०१५ पासून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत ०.१ टक्क्याची मर्यादा आली, तेव्हाही त्या पट्ट्यात रेघा विरळ झाल्या होत्या आणि काही जहाजं पट्टा टाळून बाहेरून जायला लागली होती. तेही चित्रांत दिसतं.

एक सावधगिरी. डोळ्यांना दिसते तीच रेघ मोजली तर निवड आधीच पक्षपाती होते. म्हणून अलीकडे जहाजाचा मार्ग आणि वारा घेऊन धूर कुठे पोचला असेल ते आधी काढतात आणि मग तिथले थेंब बघतात. जिथे रेघ अजिबात दिसत नाही तिथेही थेंबांची संख्या वाढलेली सापडते.

शंकासुर

म्हणजे धूर कमी केला आणि पृथ्वी तापली. छान. २०२३ ची उष्णता यामुळेच का?

निरभ्र

थोडा हातभार लागला असणार, किती यावर एकमत नाही. २०२३ मध्ये एल निनोही होता. "यामुळेच" हा शब्द मी वापरणार नाही.

अनघा_पी

एक बाळबोध प्रश्न. मुंबईबाहेर एवढी जहाजं उभी असतात. आपल्या समुद्रावर या रेघा का दिसत नाहीत? सगळी उदाहरणं कॅलिफोर्नियाचीच येतात.

निरभ्र

बाळबोध मुळीच नाही. रेघ उमटायला पातळ, सपाट, खालच्या थरातला ढगांचा गालिचा लागतो. थंड पाण्यावर आणि वरून बसणाऱ्या कोरड्या हवेखाली तो पसरतो: कॅलिफोर्निया, पेरू-चिली, नामिबिया-अंगोला. आपल्याकडे हिवाळ्यात अरबी समुद्रावर ढग फारसे नसतात आणि पावसाळ्यात असतात ते उंच आणि उसळलेले. त्यांत धूर कुठल्या कुठे घुसळला जातो.

पण आपल्या बाजूला वेगळीच खूण मिळाली, आणि ती मिळाली विजांच्या नोंदींत. श्रीलंकेच्या दक्षिणेकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जहाजांचा मार्ग आहे ना, त्याच्या नेमक्या वर आजूबाजूच्या समुद्राच्या जवळपास दुप्पट विजा पडतात. जमिनीवर बसवलेल्या रेडिओ-केंद्रांच्या जाळ्यातून २०१७ मध्ये हे दाखवलं गेलं. कारण बहुधा असं, की थेंब बारीक राहिल्याने पाणी पाऊस होऊन खाली न पडता गोठणाऱ्या उंचीपर्यंत जातं, तिथे बर्फ आणि गारांची घासाघीस होऊन प्रभार वाढतो. गंधकाचा नियम आल्यावर याच मार्गावरच्या विजा साधारण निम्म्याने घटल्या.

दर्यावर्दी

हे नवीन कळलं! श्रीलंकेचं गाल बंदर सोडल्यापासून मलाक्का येईपर्यंत रात्रीच्या वॉचला क्षितिजावर विजा असायच्याच. आम्ही म्हणायचो, विषुववृत्ताजवळचा भाग आहे, चालायचंच. आपल्याच धुराड्याचा त्यात हात असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कोकणकडा

मी भटक्या माणूस, विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. पण थेंबाचा आकार म्हटल्यावर हरिश्चंद्रगड आठवला. कोकणकड्यावर सकाळी-संध्याकाळी, खाली धुकं आणि पाठीशी ऊन असलं की इंद्रवज्र दिसतं. गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली. कर्नल साइक्सने १८३५ साली नोंदवलेलं तेच. त्या गोलाचा आकार दर वेळी सारखा नसतो, हे मी आणि माझ्या मित्रांनी पाहिलंय. त्याचा थेंबांशी संबंध आहे का?

निरभ्र

कोकणकडा, धाग्यावरचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

थेट संबंध आहे. थेंब जितके बारीक, तितकं कडं मोठं. सगळे थेंब जवळपास एका मापाचे असतील तर रंग स्वच्छ आणि कडी एकापेक्षा जास्त, मापं मिसळलेली असतील तर सगळं फिकट. तुम्ही कड्यावर उभे राहून खालच्या ढगाच्या माथ्यावरचे थेंब मोजत होता, आणि उपग्रहसुद्धा हेच करतो! फ्रान्सचं पोल्डर नावाचं उपकरण एकच ढग वेगवेगळ्या कोनांतून आणि ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशात बघायचं. त्याच्या १९९६-९७ च्या चित्रांत समुद्रावरच्या ढगांत इंद्रवज्राच्या कड्या दिसल्या आणि त्यांवरून थेंबांचा आकार काढला गेला.

ही पद्धत मला मोडिसच्या दोन रंगांपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते. कड्याचा कोन ही निव्वळ भूमिती आहे. ढग किती जाड, वर धूर आहे की नाही, याने तो फारसा हलत नाही. नामिबिया-अंगोलाच्या किनाऱ्याबाहेर ऑगस्ट-सप्टेंबरात आफ्रिकेतल्या वणव्यांचा धूर ढगांच्या वर तरंगत असतो. तिथे मोडिसला ढग आहे त्यापेक्षा पातळ वाटतो, कारण धूर प्रकाश गिळतो.

अशीच उपकरणं नासाच्या पेस उपग्रहावर आहेत, फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला तो. त्याआधी ग्लोरी नावाचा उपग्रह याच कामासाठी सोडला होता. ग्लोरी म्हणजे आपलं इंद्रवज्रच. मार्च २०११ मध्ये रॉकेटच्या टोकावरचं आवरण सुटलं नाही आणि तो समुद्रात गेला. त्या एका झाकणापायी ध्रुवित प्रकाशातली किती वर्षांची निरीक्षणं हुकली, याची हळहळ या क्षेत्रातली माणसं अजून करतात.

कोकणकडा

आता जुलैत गेलो की सावलीपासून कड्यापर्यंतचा कोन मोजून आणतो. मुठीने मोजला तर चालेल का?

निरभ्र

मूठ फार मोठी पडेल, कडं काही अंशांचंच असतं. ताणलेल्या हाताची बोटं वापरा. करंगळीची रुंदी साधारण एक अंश.

सोलापुरी_चटणी

या सगळ्यात आमच्या सोलापूरचं काय? दोन वर्षं विमानं फिरत होती आमच्या डोक्यावर. गावात कोण म्हणे पाऊस पाडतात, कोण म्हणे ढग पळवतात. आमच्या चुलत्यांना तर अजून खात्री आहे की त्या विमानांनी ढग फोडले.

निरभ्र

ती विमानं पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या केपेक्स प्रयोगाची, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यातली. ढगाच्या तळाखाली जाऊन कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या. निघणारे कण मोठे आणि पाणी ओढणारे असतात, म्हणून ते बारीक थेंबांच्या गर्दीत टपोरे थेंब तयार करतात. धुराच्या नेमकं उलट काम. योग्य ढग सापडला तरी त्यात कण सोडायचे की नुसतं बघायचं, हे आधी यदृच्छेने ठरवलेलं असायचं. चुलत्यांना सांगा, काही ढगांपाशी विमान नुसतंच घिरट्या घालून परत गेलं ते यासाठी. रडार आणि जमिनीवरच्या पर्जन्यमापकांवरून हिशोब केला तेव्हा वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस निघाला. ढग नसेल तर हे काही करू शकत नाही, हेही लिहून ठेवा.

उपग्रहाचा तिथे एवढाच उपयोग, की ढगाच्या माथ्याकडच्या थेंबांची त्रिज्या १४ मायक्रॉनच्या आसपास गेली की पाऊस सुरू होतो असा ठोकताळा आहे. त्याच्या बऱ्याच खाली अडकलेले ढग वरून हेरता येतात.

शंकासुर

१८ टक्के! म्हणजे १०० मिलिमीटरचे ११८. टँकर बंद होणार नाहीत त्याने.

सोलापुरी_चटणी

शंकासुरजी, ज्वारी काळीभोर दिसायला तेवढे १८ पुरतात कधी कधी. एकदा येऊन बघा.

मेघना_वाई

पुढचा प्रश्न माझ्या घरच्या अंगणातला. महाबळेश्वरला आयआयटीएमचीच ढगांची प्रयोगशाळा आहे ना? तिथे ढग जमिनीवरच उतरतो. मग कण आणि थेंब एकाच जागी मोजता येत असतील?

निरभ्र

येतात, म्हणूनच ती तिथे २०१२ पासून आहे. पावसाळ्यात ढग खिडकीतून आत येतो. कणमोजणी आणि थेंबमोजणी शेजारी शेजारी चालते. शिवाय मांढरदेवच्या डोंगरावर त्यांची दोन रडारं आहेत: एक पावसाच्या थेंबांसाठी, दुसरं कमी तरंगलांबीचं, ढगातल्या बारीक थेंबांसाठी. मर्यादा एकच. तो ढग सह्याद्रीने वर ढकललेला असतो, अरबी समुद्रावरचा मोकळा ढग तसाच वागेल असं नाही. उपग्रहाकडे सगळं जग आहे आणि गाठ नाही, महाबळेश्वरकडे गाठ आहे आणि एकच डोंगर.

शंकासुर

मग आल्ब्रेक्टचं काय झालं? ढग जास्त टिकतो की नाही टिकत?

निरभ्र

आइसलँडच्या होलुह्राउनची गोष्ट सांगतो. ३१ ऑगस्ट २०१४ ते २७ फेब्रुवारी २०१५, सहा महिने जमिनीच्या भेगेतून लाव्हा वाहत होता. राख फारशी नाही, पण सल्फर डायऑक्साइड प्रचंड, आणि तोही खालच्या थरात. उत्तर अटलांटिकवरच्या ढगांत थेंब बारीक झालेले मोडिसला लख्ख दिसले. टूमी बरोबर. पण २०१७ च्या अभ्यासात ढगांतलं पाणी वाढलेलं आढळलं नाही. आल्ब्रेक्ट चूक, असं लोक म्हणायला लागले. २०२२ मध्ये दुसऱ्या गटाने त्या वर्षीचं हवामान संगणकी पद्धतीने वजा करून पाहिलं, तर ढगांनी व्यापलेलं क्षेत्र चांगलंच वाढलेलं निघालं, साधारण दहा टक्क्यांनी. म्हणजे ढग जाड झाले नव्हते, पसरले होते. ज्वालामुखी तोच, उपग्रह तोच, पण कशाशी तुलना करायची ते बदललं की उत्तर बदललं. शंकासुर, तुमच्या प्रश्नाला आज याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

शंकासुर

ठीक. निदान सरळ बोललात. पु.ले.शु.

अनघा_पी

घरबसल्या या रेघा बघता येतील का?

निरभ्र

हो. नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडा, फुकट आहे. मोडिसच्या थरांत ७-२-१ ही रंगजोडी निवडा. सातवा पट्टा म्हणजेच २.१ मायक्रॉन. जुलैतला कुठलाही दिवस घ्या, कॅलिफोर्नियाच्या पश्चिमेला. बारीक थेंबांच्या रेघा आजूबाजूच्या ढगांपेक्षा उजळ दिसतील. बर्फाचे उंच ढग निळसर दिसतात, ते सोडून द्या. २०२० च्या आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही बघा.

अनघा_पी

सापडल्या!! २०१८ चा जुलै घेतला. एकमेकींना छेदणाऱ्या कितीतरी रेघा आहेत. पण एक रेघ किनाऱ्याकडे येता येता मध्येच संपते. पुढे ढग तर आहेत. जहाज थांबलं असेल का?

दर्यावर्दी

जहाज कशाला थांबतंय. ती रेघ संपते ती जागा किनाऱ्यापासून किती मैलांवर आहे ते मोजून सांगा. २०० सागरी मैलांच्या आसपास असेल तर इंजिनरूममध्ये चेंजओव्हर झालाय, साडेतीन टक्क्यांवरून ०.१ वर.

निरभ्र

शक्यता दाट आहे, पण तिथे ढगांचा थर उंच झाला असेल किंवा हवा आधीच धुरकट असेल तरी रेघ तशीच विरते. त्याच दिवसाच्या दुसऱ्या रेघाही बघा, त्या कुठे संपतात ते. अनघा, तारीख टाका, मीही बघतो.